गुडघ्याखाली चार बोटं

पेजेच्या टोपावरचं झाकण खडखडलं आणि तेवढ्याशा आवाजानं आख्खं घर दचकलं.

मंजुळानं धावत जाऊन स्टोव्ह बारीक केला, झाकण पदरानं दाबून धरलं. पण उशीर झाला होता. वाफ पडद्यापलीकडे पोचली होती.

"तो टोप बाहेर ने, मंजुला," पडद्यामागून सासूचा आवाज आला. "वास नको मना." आणि पाठोपाठ घमेल्यावर ओणवल्याचा तो आता सवयीचा झालेला आवाज. पोटात काही नव्हतंच, त्यामुळे नुसतेच उमासे. ते संपेपर्यंत मंजुळा टोप हातात धरून परसात उभी राहिली. समोर वलांडीवर बोंबील सुकत टांगलेले होते, उन्हात एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. बोंबलांच्या वासाचं मथुराला काही नव्हतं. दर्याचा वास तिला बाधत नव्हता. बाधत होता तो शिजत्या अन्नाचा. म्हणजे जगायला जो लागतो नेमका तोच.

मथुरा म्हणजे वेसाव्याची मथुरा कोळीण. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन रोज पार्ल्याला जायची. तिची हाक पहिल्या गल्लीत निघाली की तिसऱ्या गल्लीतल्या बाया विळ्या धुवायला घ्यायच्या, असं लोक म्हणत. दिवाळीनंतर तिच्या छातीत गाठ निघाली. ती कापून काढली. मग डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढली तरी तिचं बी अंगात कुठं राहिलं असेल सांगता येत नाही, म्हणून शिरेतून औषध द्यायचं. सहा इंजेक्शनं, तीन-तीन आठवड्यांनी. तीन झाली होती. प्रत्येक खेपेला मथुरा थोडी थोडी कमी होऊन घरी आली होती. आधी केस गेले, मग भूक, मग बोलणं. तिसऱ्यानंतरचा आज पाचवा दिवस, आणि पाच दिवसांत तिच्या पोटात साखरेच्या पाण्याशिवाय काही टिकलं नव्हतं.

मंजुळा आत आली तेव्हा मथुरा भिंतीला टेकून बसली होती. टकलावर रुमाल बांधलेला.

"चवथा मी घेत नाय," ती म्हणाली. भांडण नाही, त्रागा नाही. मासळीचा भाव सांगावा तसं. "तीन झाली, बस झाली. आनंता दर्यावरना आला की सांग त्याला."

"आये, डॉक्टर बोलले ना, अर्ध्यावर सोडलं तर..."

"डॉक्टराच्या पोटान टाक म्हनावा ते औषध एकदा."

मंजुळा दहिसरची, सातवी शिकलेली. अनंताशी लग्न होऊन आली तेव्हा घरात कागद वाचणारी ती एकटीच. त्यामुळे इस्पितळाचं कार्ड तिच्याच ताब्यात होतं आणि त्यावरची पुढची तारीख तिला पाठ होती. अजून सोळा दिवस. सोळा दिवस जेवली नाही तर इंजेक्शनाची गोष्टच उरणार नाही, आणि जेवली तरी ही बाई एकदा नाही म्हणाली की नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

"मथुरेचं घर हेच ना?"

सुती पातळ, चष्मा, हातात कापडी पिशवी, चालून चालून धापा टाकत असलेली एक साठीची बाई. मंजुळानं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण पडद्याआडून मथुरानं आपल्या पार्ल्याच्या गिऱ्हाइकाचा आवाजच ओळखला.

"वसुधाबाय? तू इकरं कशी गो?"

"तू येत नाहीस म्हणून मी आले. तीन महिने झाले. बाजारात विचारत विचारत पत्ता काढला." वसुधाबाई आत आल्या, मथुराकडे एकदा पाहिलं आणि जे दिसलं ते तोंडावर न दाखवता चटईवर बसल्या. "तुझ्या जागी ती दुसरी येते हल्ली. शिळं पापलेट गळ्यात मारते. डोळे दाखव म्हटलं, तर म्हणते, मासळीचे काय बघतेस बाय, माझे बघ."

"मंग बगलास?"

"बघितले. तेही शिळेच होते."

मथुरा हसली. पाच दिवसांनी हसली. हसता हसता तिला उमासा आला आणि मंजुळानं घमेलं पुढे केलं. वसुधाबाईंनी उठून तिची पाठ धरली, जशी बहिणीची धरावी. वीस वर्षं या दोघी एका पायरीवर भांडत आल्या होत्या, एक वर बसून आणि एक खाली. एकमेकींना शिवायची वेळ आजच आली.

उमासा ओसरल्यावर वसुधाबाईंनी सगळं विचारून घेतलं. किती इंजेक्शनं, किती राहिली, काय जातं, काय नाही. मग पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. पुडीत अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब चार-पाच कांड्या होत्या, जाडजूड उदबत्त्यांसारख्या. पांढऱ्या कागदात राखाडी कापसासारखं काहीतरी ठासून भरलेलं.

"हे मी माझ्या गुडघ्यांसाठी आणवते, माझगावातल्या एका चिनी कुटुंबाकडून. आपल्या दवण्याच्याच जातीचं झाड असतं. पानं वाळवून, कुटून वर्षानुवर्षं ठेवतात. पेटवायची आणि अंगाजवळ धरायची."

"चिनी?" मथुरानं मान मागे घेतली. "ज्यांनी आपल्या पोरांवर गोल्या घातल्या त्यांचा?"

"गोळ्या घालणारे वेगळे गं. मी सिंगापूरला होते लग्नानंतर. आमचे हे तिथं बोटीच्या कचेरीत होते. दिवस गेले आणि मला तीन महिने पाण्याचा घोट टिकेना. आई नाही, सासू नाही. शेजारी एक चिनी सुईण राहायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. रोज येऊन बसायची आणि ही कांडी धरायची. चौथ्या दिवशी मी भात खाल्ला." त्या थांबल्या, मग मंजुळाकडे वळून, शब्द मोजून म्हणाल्या, "हे कॅन्सरचं औषध नाही हं. गाठीशी याचं काही देणंघेणं नाही. इंजेक्शनाच्या बदल्यात नव्हे, इंजेक्शन झेपावं म्हणून. मळमळ बसली तर बसेल. नाही बसली तर चार घटका शेक मिळाला म्हणायचं."

कांडी पेटवल्यावर धूर निघाला. कडवट, दाट. मंजुळानं घमेलं जवळ ओढलं. आता ही पुन्हा ओकणार. पण मथुरानं नाक वर करून वास घेतला, दोनदा घेतला.

"बाय, गांजा आनलास की काय गो?"

"हो, तुझ्यासाठी मुद्दाम! पाय सरळ कर."

वसुधाबाईंनी तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली आपली चार बोटं आडवी ठेवली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला दाबून पाहिलं. "इथं. चिनी लोक म्हणतात, चालून थकलेला माणूस इथं शेक घेऊन आणखी तीन कोस चालतो."

"तीनच? मी तर वेसावा ते पार्ला रोज जायाची, बिनशेकाची."

"म्हणूनच आता पाय बोंबलासारखे झालेत. गप्प बस. गरम वाटेल, मग खूप गरम वाटेल. खूप वाटलं की सांगायचं, मी लांब घेते. चटका द्यायचा नसतो. कळलं?"

"कललं."

कांडी कातडीपासून दोन बोटांवर ठेवून त्या हळूहळू गोल फिरवत राहिल्या. मधून मधून विचारत होत्या, लागतंय? आता? आणि उत्तराची वाट न पाहताच हात वर घेत होत्या. दोन्ही पाय झाले, मग मनगटाच्या आतल्या बाजूला. राख वाटीत झटकायची, शेवटी कांडी रेतीत खुपसून विझवायची. मंजुळा लक्ष देऊन बघत होती. शिवण शिकावी तसं तिनं ते शिकून घेतलं.

त्या दिवशी मथुरानं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुळा शेक देत असताना मथुरा एकाएकी म्हणाली, "त्या टोपान काय हाय?"

"पेज."

"वाटीभर दे. आनि सुका बोंबील भाजून दे. पन बाहेर भाज."

कांडीनं झालं, का इंजेक्शनाचा जोर आपोआप उतरला, कोण सांगणार? मंजुळानं तो विचारच केला नाही. बोंबील भाजून ती धावतच आत आली एवढं खरं.

मग रोजचा नेमच झाला. सहा वर्षांची लेक प्रेमा शाळेतून आली, पाटीदप्तर कोपऱ्यात टाकलं, की मंजुळा कांडी पेटवायची. प्रेमाचं काम फुंकर घालायचं. मथुरा पाय लांब करून बसायची आणि वेसाव्यातल्या एकेका घराची कुळकथा सांगायची. आवाज परत येत होता. वजन इस्पितळात करतात तसं करायला काटा नव्हता, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या त्या आता मनगटाशी थांबू लागल्या.

"चवथा घेते," एक दिवस ती म्हणाली. "पुरचा मंग बगू."

मंजुळाला तेवढं पुरे होतं. आज चौथं म्हणाली, उद्या पाचवं म्हणेल. मासळी विकणारीशी घासाघीस एकेका पैशानंच करायची असते.

एकच गोष्ट तिला खटकायची. मथुरा कधी "लागतंय" म्हणायची नाही. मंजुळा विचारायची, "गरम झालं?" उत्तर ठरलेलं, "आजून नाय." कातडी लाल व्हायची, मंजुळा आपणच हात मागे घ्यायची, आणि मथुरा नाराज व्हायची. "असा लांबून काय देवाला धूप दाखवतेस? जवल धर."

तारखेच्या आदल्या दिवशी तिनं मंजुळाचं मनगटच धरलं आणि खाली ओढून नेलं. "हां. आता बरा वाटतंय. असाच धर." तेवढ्यात प्रेमानं पाढ्यात काहीतरी विचारलं. सात आठे. मंजुळानं मान वळवून सांगितलं, चुकीचं सांगितलं, परत सांगितलं. मान सरळ केली तेव्हा मथुरा डोळे मिटून शांत बसलेली. तोंडावर एक सुरकुतीसुद्धा हललेली नाही.

सकाळी तिथं फोड होता. दहा पैशांच्या नाण्याएवढा, पाण्यानं टचटचलेला.

मंजुळा ओलं फडकं आणायला धावली. पण मथुरा? मथुरा त्या फोडाकडे बघून हरखली होती. आरसा नाही म्हणून, नाहीतर आरशात बघून आली असती.

"बसला गो," ती म्हणाली. "बसला डाग!"

इस्पितळात तिनं स्वतःच लुगडं वर करून डॉक्टरला तो फोड दाखवला, पदक दाखवावं तसा. तरुण डॉक्टरचा चेहराच बदलला. त्यानं रक्त तपासायला पाठवलं, कागद बघितला आणि मंजुळाला बाहेर बोलावलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मंजुळा म्हणाली.

"या औषधानं अंगातली जखमेशी लढायची ताकद कमी होते, हे सांगितलं होतं ना? एवढ्याशा फोडात पू झाला, ताप चढला, तर म्हातारी चार दिवसांत हातची जाईल. जखम भरेपर्यंत मी इंजेक्शन देणार नाही. पंधरा दिवसांनी या." मग आवाज जरा खाली आणून, "कशानं भाजलं?"

तिनं पिशवीतली कांडी दाखवली, खालमानेनं सगळं सांगितलं. त्यानं कांडी नाकाशी धरली.

"जेवते त्यानं?"

"पेज जाते. भाकरीपण खाल्ली परवा."

"यातलं मला काही कळत नाही," डॉक्टर म्हणाला. "वजन तीन पौंड वाढलंय, ते मात्र काट्यावर दिसतंय. शेक द्या हवं तर. ऊब चालेल, चटका नाही. पुन्हा भाजलं तर मात्र मला दाखवायला आणूच नका."

पंधरा दिवस. मंजुळाला ते डोंगराएवढे वाटले. आणि मथुरानं घरी आल्या आल्या त्यावर शिखर चढवलं.

"पंधरा दिवस कशाला? आता जायाचाच नाय. डाग बसला म्हंजे दुखना भायेर आला. त्या पोराला काय कलतंय? काल जन्माला आलेला तो."

मंजुळा बोलून बोलून थकली. अनंता दर्यावरून आला, तोही बोलला. मथुरा भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी मंजुळानं प्रेमाला शेजारी ठेवलं, बस धरली आणि पार्ल्याला जाऊन वसुधाबाईंच्या दारात उभी राहिली. तोंडातून शब्द फुटायच्या आधी डोळ्यांतून पाणीच आलं. "बाई, मी भाजलं त्यांना."

दुसऱ्या दिवशी वसुधाबाई आल्या त्या चपला काढता काढताच सुरू झाल्या.

"तोंड शिवलं होतं काय गं तुझं? एरवी पाव शेर कोलंबीसाठी आख्खी चाळ डोक्यावर घेतेस, आणि पाय भाजतोय तर एक हूं नाही? मी काय सांगितलं होतं?"

"सांगितला होतास."

"मग?"

प्रेमा दारात बसून शिंपल्यांचे डाव मांडत होती. मंजुळा जखमेवर डॉक्टरानं दिलेलं मलम लावत होती.

"आमच्यान डाग देतात तो असा देत नाय," शेवटी मथुरा म्हणाली. "विल्याचा टोक तापवतात. पोराचा पोट फुगला, ताप उतरंना, की त्या गल्लीतल्या म्हातारीकरं न्यायचा. म्हातारी सांगायची, डाग बसंपर्यंत तोंड उघरायचा नाय. उघरला की दुखना त्याच वाटंनी परत आंत शिरतंय."

"हे असलं कोण मानतं..."

"आयक, बाय. माजी पयली पोर. आनंताच्या आदी. कमल तिचा नाव. चार वर्सांची. पोट असा झाला होता तिचा, मटक्यासारखा. मी नेली तिला. मीच मांडीवर धरली. सांगितला तिला, कमल, गप रवायचा, आयची शपत. पयला डाग बसला, गप रवली. दुसऱ्याला..." मथुरानं हात नुसता हवेत हलवला. "दुसऱ्याला तिनी तोंड उघरला. आख्ख्या वेसाव्यान गेला आवाज. तिसऱ्या दिशी गेली."

मंजुळाचं बोट मलमावर तसंच राहिलं. या घरात येऊन आठ वर्षं झाली होती तिला. कमळ हे नाव तिनं आजवर ऐकलं नव्हतं. अनंतानंही कधी काढलं नव्हतं. कदाचित त्यालाही पुरतं माहीत नसावं.

"मंग आनंता झाला. सा महिन्यांचा होता, त्याचा पन तसाच पोट फुगला. त्या वक्ताला मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. असा. दाबून. नाय उघरू दिला तोंड." तिनं आपलाच पंजा आपल्या तोंडावर दाबून दाखवला. "आनंता जगला. बग की, पोटावर दोन डाग हायेत त्याच्या. मंग सांग, मी काय मानू?"

अनंताच्या पोटावरचे ते दोन डाग मंजुळाला ठाऊक होते. तिनं बोट फिरवून विचारलंही होतं एकदा, लग्नाच्या पहिल्या वर्षात. तो हसून म्हणाला होता, लहानपणीचे आहेत. आता तिला वाटलं, मथुराच्या जागी आपण असतो, एक लेकरू गेलेलं आणि दुसरं राहिलेलं, तर आपणही हेच मानलं असतं. सातवी काय, सोळावी शिकलो असतो तरी.

वसुधाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "ती सिंगापूरची सुईण लहान पोरांनाही शेक द्यायची. पोरांना सांगता येत नाही ना, किती गरम झालं ते. मग ती आपली दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवायची. पोराला जेवढं लागेल तेवढं तिच्या बोटांना लागायचं." त्यांनी मंजुळाची तर्जनी आणि मधलं बोट धरून मथुराच्या चांगल्या पायावर ठेवलं, मध्ये जागा सोडून. "हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं. मला वाटलं, मोठी बाई आहे, बोलेल. चूक माझी झाली. यापुढे हिच्या तोंडावर विसंबू नकोस."

जखम भरायला बारा दिवस लागले. या बारा दिवसांत मंजुळानं कांडी पेटवली नाही. धीरच झाला नाही. मथुराची भूक टिकली होती, पण चौथ्या इंजेक्शनाचा विषय निघाला की ती उठून परसात जायची. तारीख गुरुवारची. सोमवार आला, मंगळवार आला. बुधवारी दुपारी प्रेमा शाळेतून आली तशी मंजुळानं कांडी काढली.

"कशाला?" मथुरा म्हणाली. "भूक लागतंय मना."

"उद्यासाठी."

"उद्या मी जात नाय."

"नको जाऊस. पाय सरळ कर."

प्रेमानं फुंकर घातली, निखारा लाल झाला. मंजुळानं चांगल्या पायाच्या गुडघ्याखाली चार बोटं मोजली, बाहेरच्या अंगाला जागा धरली, डाव्या हाताची दोन बोटं तिच्या दोन्ही बाजूंना टेकवली आणि उजव्या हातानं कांडी वर धरली. आधी नुसती ऊब आली, कोवळ्या उन्हासारखी. ती ऊब बोटांतून तळहातापर्यंत गेली. इतके दिवस आपण बाहेरून बघत होतो, ते आतून असं असतं होय, असं तिला वाटलं.

"गरम झालं?"

"आजून नाय."

खोटं होतं ते. मंजुळाच्या बोटांना आता चांगलंच गरम लागत होतं. पूर्वी तिनं हात मागे घेतला असता. आज नाही घेतला. फोडाला अजून अवकाश आहे, हे आता तिला डोळ्यांनी नाही, बोटांनी कळत होतं. तिनं कांडी होती तिथंच ठेवली आणि मथुराच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता?"

"नाय."

बोटं झोंबायला लागली. तिनं ओठ आवळला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मथुरानं ते पाणी पाहिलं, मग खाली बोटांकडे पाहिलं. बोटांची पेरं लालबुंद झाली होती.

"मंजुला, बोटां ने तिकरना."

"तुला नाय लागत ना? मग मला कसं लागेल? एकाच निखाऱ्याखाली आहोत आपण दोघी."

"हात भाजंल तुजा! ने सांगते ना!"

"तू सांग, आये. लागतंय का तुला?"

मथुराचा हात वर आला. मंजुळाला वाटलं, आता ही कांडी हिसकावणार. पण तो हात कांडीकडे गेलाच नाही. तो आपल्याच तोंडाकडे गेला, तिथं अर्धवट थांबला, आणि मग मांडीवर पडला.

"लागतंय," मथुरा म्हणाली.

इतक्या बारीक आवाजात, की तीन गल्ल्यांपार जाणाऱ्या त्या गळ्यातून तो निघाला यावर विश्वास बसू नये. मंजुळानं तत्क्षणी कांडी उचलली आणि रेतीत खुपसली. धुराची एक रेघ वर गेली.

"लागतंय गो," मथुरा पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्यानं. "सगला लागतंय. ती सुई लागतंय, ते लाल औषध शिरंन जातंय ते लागतंय. केस गेले ते लागतंय. बोलायचा कुना?" तिनं मंजुळाची बोटं आपल्या हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, फुंकर घातली. फोड नव्हता. तिच्या पायावरही नव्हता. नुसती लाली होती, बघता बघता उतरणारी. दोघी त्या लालीकडे बघत बसल्या. दोघींच्या लक्षात एकच गोष्ट येत होती, पण ती बोलून दाखवायची कुणालाच घाई नव्हती. तोंड उघडलं होतं, आणि काही झालं नव्हतं.

"किती वाजता जायाचा उद्या?" बऱ्याच वेळानं मथुरानं विचारलं.

"सातला निघू."

"पेज करून ठेव मंग. आल्यावर लागंल." आणि क्षणभर थांबून, "टोपावर झाकन नीट ठेव."

मंजुळा हो म्हणाली. उठायचं होतं, पण सासूनं धरलेली बोटं सोडवून घ्यावीशी वाटेना. बाहेर ऊन वलांडीवरून खाली सरकलं होतं. प्रेमा इतका वेळ रेतीच्या वाटीपाशी उकिडवी बसून होती, विझलेल्या कांडीच्या टोकाकडे बघत. तिनं मान वर केली. आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि दोघींपैकी कुणी सांगेल त्याची वाट बघत तिनं विचारलं,

"आये, मग कमळआत्याला कुणीच बोललं नव्हतं का गो, लागलं तर सांग म्हणून?"